गोर्बाचेव्ह : अश्रू त्यांचे, हिशेब आपला

३० ऑगस्ट २०२२ रोजी मिखाईल गोर्बाचेव्ह मॉस्कोत निधन पावले. पाश्चात्त्य भांडवली वृत्तपत्रांनी त्यांना स्वातंत्र्यदूत ठरवून अश्रू ढाळले. आपल्यातील अनेकांनी एका शब्दात निकाल दिला : गद्दार! पहिला निकाल वर्गशत्रूचा आहे. त्याचे आश्चर्य नाही. दुसरा आपला आहे, म्हणून त्याचीच तपासणी अधिक कठोरपणे झाली पाहिजे.

जमेची बाजू आधी मांडू. नोव्हेंबर १९८६ मध्ये त्यांनी दिल्लीत राजीव गांधींसह अण्वस्त्रमुक्त, अहिंसक जगाच्या जाहीरनाम्यावर सही केली. डिसेंबर १९८७ च्या करारान्वये सोव्हिएत युनियन व अमेरिकेची जमिनीवरून डागली जाणारी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे मोडीत निघाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा परतल्या. शांततेची मागणी जगभरच्या श्रमिकांची होती. तिच्या पूर्तीचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आता दुसरी बाजू. १७ मार्च १९९१ च्या सार्वमतात, सहा प्रजासत्ताकांच्या सरकारांचा बहिष्कार असतानाही, मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७६ टक्के लोकांनी संघराज्य टिकवण्याचा कौल दिला. तो कौल हाती असलेल्या नेत्याने २४ ऑगस्टला सरचिटणीसपद सोडले आणि मध्यवर्ती समितीला स्वतःचे विसर्जन करण्यास सांगितले. २५ डिसेंबरला त्यांनी अध्यक्षपदही सोडले. जनतेला मात्र हाक दिली नाही. पुढे येल्त्सिन राजवटीत सार्वजनिक कारखाने मूठभरांच्या घशात गेले. १९९० साली रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षे होते. १९९४ साली ते ५८ च्याही खाली घसरले. 'पेरेस्त्रोइका'चे मराठी भाषांतर आम्ही 'पुनर्रचना' असे करीत होतो. शब्द अचूक होता. पण नवा खांब रोवण्याआधीच जुना उपटला, आणि छप्पर कोसळले ते कष्टकऱ्यांच्या डोक्यावर. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रशियन मतदारांनी त्यांना जेमतेम अर्धा टक्का मते दिली.

दोष गंभीर आहे. तरीही 'गद्दार' म्हणून थांबणाऱ्यांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. सुमारे १ कोटी ९० लाख सभासदांचा पक्ष एका माणसाने बुडवला काय? मग कारखान्याकारखान्यांतील शाखा त्या ऑगस्टमध्ये कोठे होत्या? वरून आदेश येण्याची वाट पाहणे, हेच त्यांना वर्षानुवर्षे शिकवले गेले होते. जेव्हा वरूनच विसर्जनाचा आदेश आला, तेव्हा तो धुडकावण्याची सवय कोणापाशीच उरली नव्हती.

इतिहास एकटी व्यक्ती घडवीत नाही, असे अभ्यासवर्गात सांगायचे आणि पराभवाचे खापर मात्र एकाच व्यक्तीच्या माथी फोडायचे, हा कोणता भौतिकवाद? नेतृत्वाला जाब विचारणारी शाखा, मतभेद निर्भयपणे मांडणारा सभासद आणि जनतेपुढे हिशेब ठेवणारी समिती, यांवाचून कोणताही पक्ष सुरक्षित नाही; आपलाही नाही. हा धडा टाळण्यासाठी वापरला जाईल, तोवर 'गद्दार' हा शब्द आपल्याच आळसावरचे पांघरूण राहील.