सर्व्हर रीस्टार्ट केला म्हणजे दुरुस्ती झाली का?



मुलांची ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख. रात्रीचे अकरा वाजलेले. निम्मा वर्ग भरून झाला आणि पडद्यावर ओळ आली, 'आउट ऑफ मेमरी: जावा हीप स्पेस'. सकाळी विचारलं तर उत्तर मिळालं, "रीस्टार्ट केलंय. तुम्ही सगळे शेवटच्या दिवशीच गर्दी करता." दुपारी पुन्हा तेच!

गर्दीला दोष देणं सोपं आहे. पण ती ओळ काय सांगते?

जावा भाषेतल्या प्रोग्रॅमला मेमरीचा ठरावीक हिस्सा मिळतो, त्याला हीप म्हणतात. काम संपलेल्या वस्तू 'गार्बेज कलेक्टर' आपोआप काढून टाकतो. मात्र प्रोग्रॅमने धरून ठेवलेल्या वस्तूला तो हात लावत नाही. आपल्या वर्गातल्या कपाटासारखंच! जुन्या उत्तरपत्रिकांवर आपणच 'टाकू नये' असं लिहिलं, तर शिपाईमामा त्या कशाला टाकतील?

म्हणून सफाईनंतर किती मेमरी भरलेली राहते, ते रोज पाहावं. गर्दी ओसरल्यावर आकडा खाली आला, तर जागा कमी पडतेय किंवा एकदम जास्त माहिती उचलली जातेय. मग अख्ख्या जिल्ह्याची यादी एकदम न आणता ५०-५० नावं आणावीत. पण गर्दी नसतानाही आकडा रोज वर सरकत असेल, तर बहुधा ती गळती आहे. मेमरी दुप्पट केली तरी दोन दिवसांत भरणारं कपाट चार दिवसांत भरेल, एवढंच.

मेमरी संपताच तिची पूर्ण नोंद, म्हणजे हीप डंप, आपोआप जतन करायची सोय जावात आहे. ती आधीपासून सुरू हवी. नाहीतर रीस्टार्ट केल्यावर पुरावाच पुसला जातो. जागा कुणी अडवली, ते डंपमध्ये दिसतं: न संपलेली लॉगिन सत्रं, कधीच रिकामा न होणारा तात्पुरता साठा. त्यात मुलांची माहितीही असू शकते, म्हणून ती फाइल जपूनच ठेवायला हवी.

माझं मत स्पष्ट आहे. आपण वेळ आणि स्क्रीनशॉट पाठवावा आणि "कधी सुरू होईल?" याच्याबरोबर "कारण सापडलं का?" हेही विचारावं. नोंद राहिली तर नुकसान मुलाचं होतं.

आणि हो, हातच्याची वजाबाकी चुकली की आपण "दहा वेळा लिही" म्हणतो. तेही रीस्टार्टच की! मूल नेमकं कुठे अडलं, ते आधी पाहू या.