बुद्धीचा शोध की संधीची मोजदाद?

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेला केवळ 31 मार्च 2021 पर्यंतच मंजुरी होती, त्यापुढे ती आहे त्या स्वरूपात चालविण्यास मान्यता मिळालेली नाही आणि पुढील आदेश होईपर्यंत ती स्थगित राहील, असे एनसीईआरटीने 2022 साली जाहीर केले. त्याच वर्षी, 1999 पासून चालत आलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही स्वतंत्र राहिली नाही. ती 'इन्स्पायर' योजनेत विलीन करण्यात आली. जवळजवळ साठ वर्षांची परंपरा असलेली एक योजना अशा रीतीने गुंडाळली गेली आणि त्याबद्दल कामगारवस्त्यांतून वा खेड्यापाड्यांतून मोठीशी हळहळ व्यक्त झाली नाही. याचे कारण कष्टकऱ्यांना शिक्षणाची आस्था नाही हे नव्हे. ती परीक्षा त्यांच्या मुलांपर्यंत फारशी पोचलीच नव्हती, हे आहे.

या योजनेचा इतिहास त्या दृष्टीने बोलका आहे. 1963 साली ती सुरू झाली तेव्हा तिचे क्षेत्र एकट्या दिल्लीपुरते होते आणि शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या 10. पुढच्याच वर्षी ती सर्व देशाला लागू होऊन 350 शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. परंतु परीक्षेचे माध्यम इंग्रजीच राहिले. 1976 साली भारतीय भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळेपर्यंत मराठी, बंगाली वा तामिळ शाळेत शिकणारे मूल कितीही कुशाग्र असो, 'राष्ट्रीय' प्रज्ञेच्या व्याख्येत त्याला स्थान नव्हते. योजना थांबली तेव्हा अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला दरमहा 1,250 रुपये आणि त्यापुढील शिक्षणासाठी 2,000 रुपये मिळत होते. राजस्थानात कोटा येथील शिकवणी वर्गांची वर्षाची फी लाखाच्या पुढे असते. या दोन आकड्यांतील अंतर हेच देशातील प्रज्ञासंवर्धनाचे खरे धोरण होय. बाकीचे कागदावर आहे.

कागदावर तर पुष्कळच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गुणवत्ता असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहेत. शिक्षकांनी अशी मुले हेरावीत, त्यांना पूरक साहित्य द्यावे, विषयवार मंडळे व निवासी उन्हाळी वर्ग चालवावेत, बी.एड.मध्ये या विषयाचे विशेष शिक्षण असावे, अशा सूचना तेथे आढळतात. घरोघरी किंवा शाळाशाळांतून इंटरनेटसह स्मार्टफोन वा टॅब्लेट आले की त्यावर प्रश्नमंजूषाही खेळता येतील, असे आश्वासनही आहे. शाळेला दुसरा शिक्षक केव्हा येईल, हे मात्र या परिच्छेदांत सापडत नाही.

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेणे अगत्याचे आहे, कारण तो डाव्या चळवळीतही अधूनमधून डोके वर काढतो. बुद्धिमान मुलांचा वेगळा विचार करणे हीच मुळात उच्चभ्रूंची कल्पना आहे, सर्वांना समान शाळा मिळाली की हा प्रश्न उरत नाही, असे काही कार्यकर्ते मानतात. समान शाळेचा आग्रह रास्तच आहे. कोठारी आयोगाने 1966 साली तो धरला होता, राष्ट्रीय उत्पन्नाचा 6 टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हटले होते आणि ते आजतागायत घडलेले नाही. परंतु त्याच आयोगाने गुणवत्तेचा शोध ही सर्व टप्प्यांवर अखंड चालणारी क्रिया असावी असेही सांगितले होते. या दोन गोष्टींत त्याला विसंगती दिसली नाही, आणि ती नाहीच. धनिकाच्या हुशार मुलाचा प्रश्न त्याचा बाप पैशाने सोडवितो. सामान्य बुद्धीच्या मुलाचाही सोडवितो. शाळेत आपल्या इयत्तेच्या दोन पायऱ्या पुढे गेलेले आणि म्हणूनच कंटाळून शेवटच्या बाकावर बसलेले शेतमजुराचे मूल मात्र सार्वजनिक व्यवस्थेवाचून कोणाकडे पाहणार? त्याचा विचार न करणे म्हणजे समता नव्हे. ते बाजाराला मोकळे रान देणे होय.

मग प्रश्न उरतो तो शोधाच्या पद्धतीचा. एका ठरावीक रविवारी दोन-तीन तास परीक्षा घ्यावी आणि वरचे काही उचलावेत, ही प्रशासनाला सोयीची रीत आहे. पण अशी परीक्षा मोजते काय? मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास कोपीचे सामान बैलगाडीत वा ट्रॅक्टरमध्ये भरून निघतात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. आर्थिक दुर्बल घटकांतील आठवीच्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा, नवोदयची प्रवेश परीक्षा, राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा या साऱ्या बहुधा याच महिन्यांत येतात. त्या दिवशी ते मूल फडात वाढे गोळा करीत असते, नाहीतर कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळीत असते. त्याची बुद्धी कमी ठरत नाही. ती मोजलीच जात नाही. आणि जे गावात राहते त्याच्या हाती गाईड असेल तर गुण वाढतात, नसेल तर घटतात. नवोदयच्या तयारीचे खाजगी वर्ग आता तालुक्याच्या गावीही चालतात, ते काही धर्मादाय म्हणून नव्हे.

शोध आधी आणि संगोपन नंतर, हा क्रमच तपासून पाहावा लागेल असे दाखविणारा एक प्रयोग मुंबईतच झाला, आणि त्याची दखल धोरणकर्त्यांनी घ्यावी तशी घेतली नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. त्याची सुरुवातीची जागा नाना चौकातील महापालिका शाळेत होती, हे विशेष. या केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी महापालिकेच्या माध्यमिक शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांना हाताशी धरले. ज्या मुलांकडून शाळेची व समाजाची फारशी अपेक्षाच नव्हती, त्यांना शाळेखेरीजच्या वेळात काही वर्षे नेटाने शिकविण्यात आले आणि शालान्त परीक्षेत त्यांच्या यशात लक्षणीय वाढ झाली. त्याचा वृत्तान्त 1985 मध्ये पुस्तकरूपाने आला.

या प्रयोगातील सर्वांत मोलाचे निदान भाषेविषयीचे होते. मुले अडत होती ती विज्ञानापाशी नव्हे, पाठ्यपुस्तकाच्या मराठीपाशी. संस्कृतप्रचुर संज्ञा, लांबलचक वाक्ये आणि घरी वाचनाची सवय नाही, अशा स्थितीत गणिताचे उदाहरण सोडविण्यापूर्वीच ते समजून घेण्यात मुलाची शक्ती खर्च होते. भाषेचा हा अडसर दूर होऊ लागला, प्रश्न विचारण्याचे धैर्य आले, प्रयोग हाताने करता आले, की कालची 'मठ्ठ' मुले विज्ञानात गती दाखवू लागली. याचा अर्थ सर्वांची बुद्धी एकसारखी असते असा नाही. अर्थ एवढाच की, पुरेसे शिकविण्याआधी घेतलेली चाळणी बुद्धी आणि परिस्थिती यांतला फरक ओळखू शकत नाही. निवड करायचीच तर ती संगोपनाच्या शेवटी व्हावी.

या कसोटीवर नवोदय विद्यालयांकडे पाहावे. 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये निघाली आणि 1986 च्या धोरणाने त्यांचे जाळे विणले. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, राहणे-जेवण सरकारी खर्चाने. अनेक शेतकरी-शेतमजुरांची मुले यातून डॉक्टर, अभियंते, शिक्षक झाली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डाव्या विद्यार्थी व शिक्षक संघटनांनी त्या काळी घेतलेला आक्षेप तरीही खोटा ठरलेला नाही. साधारणतः जिल्ह्याला एक विद्यालय आणि वर्षाला जास्तीत जास्त 80 मुले. उरलेल्या हजारोंच्या शाळेला त्याचा काय उपयोग? नवोदयची प्रयोगशाळा व ग्रंथालय भोवतालच्या जिल्हा परिषद शाळांना सुट्टीच्या दिवशी जरी नियमाने खुले झाले, तरी या बेटांना पूल जोडल्यासारखे होईल.

अन्य देशांतही हा वाद झाला आहे. सोव्हिएत संघात 1963 मध्ये मॉस्को, लेनिनग्राड, कीव्ह व नोव्होसिबिर्स्क येथे गणित-भौतिकीच्या निवासी शाळा निघाल्या. मॉस्कोच्या शाळेमागे कोल्मोगोरोव्हसारखा थोर गणिती होता आणि राजधानीबाहेरच्या मुलांना संधी मिळावी हा तिचा हेतू होता. तिच्यावरही वेगळेपणाची टीका झालीच. त्याहून अनुकरणीय वाटते ती गेल्फांड यांनी 1964 मध्ये उभारलेली पत्रद्वारा गणितशाळा. स्वतः गेल्फांड यांचे माध्यमिक शिक्षण पुरे झालेले नव्हते. दूरच्या गावांतील मुलांना टपालाने प्रश्न जात, उत्तरे तपासून परत येत. आणि एखाद्या गावातील मुलांचा गट आपल्या शिक्षकासह मिळून एकच 'सामूहिक विद्यार्थी' म्हणून नाव नोंदवू शके. बुद्धिमान मुलाला त्याच्या गावातून उपटून न काढता, शिक्षकाला बाजूला न सारता, त्या साऱ्या गटालाच वर उचलण्याची ही रीत खर्चाच्या दृष्टीनेही भारतासारख्या देशाला परवडणारी आहे.

आज जे हाती आहे ते तुटपुंजे आहे. 2008 पासून चालू असलेल्या आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांसाठी देशभरात दरवर्षी 1 लाख नव्या शिष्यवृत्त्या आहेत. 2017 मध्ये ही रक्कम महिना 500 वरून 1,000 रुपये झाली. नववी ते बारावी एवढाच तिचा कालावधी आहे. बारावीनंतर, म्हणजे खर्च खरोखर सुरू होतो तेव्हा, ती संपते. प्रज्ञाशोधाची शिष्यवृत्ती निदान पुढेही चालत असे. म्हणून ती पुन्हा सुरू व्हावी, सर्व भारतीय भाषांतून व्हावी आणि स्थलांतरित मुलांसाठी हंगाम संपल्यावर दुसरी संधी असावी, ही मागणी शिक्षक व विद्यार्थी संघटनांनी हाती घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्र शासनाने मात्र 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे पाऊल उचलले. अशा शाळा हजारोंच्या घरात असून त्या प्रामुख्याने डोंगरी, आदिवासी वस्त्यांवर व वाड्यांवर आहेत. तेथील एखाद्या मुलीला आकड्यांची उपजत ओढ असेल, तर ती पहिल्यांदा कळणार तिच्या शिक्षकाला, तेही त्याला निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षणे आणि पोर्टलवरील माहितीच्या कामातून सवड मिळाली तर. शाळा पाच मैल दूर गेली की ती मुलगी घरी राहील, आणि तिचे नाव कोणत्याच परीक्षेच्या अनुत्तीर्णांतही सापडणार नाही.