तक्रार नसलेला रुग्ण

जानेवारी १९८९ मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी तक्रार सांगितली ५५ टक्क्यांनी. तपासल्यावर मात्र ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. पूर्वी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

तरीही आपल्या दवाखान्यांची रीत फारशी बदललेली नाही. जळजळ झाली, पांढरं जायला लागलं, की गोळ्या लिहायच्या. लक्षणांवरून उपचार करण्याची ही पद्धत उपयोगाची आहे, पण ज्याला लक्षणंच नाहीत तो तिच्यात सापडणार कसा? क्लॅमिडिया बहुतेक स्त्रियांत गुपचूप राहतो आणि गर्भनलिका खराब करू शकतो.

सिफिलिस तर डॉक्टरलाही चकवतो. जननेंद्रियावर बहुधा एकच फोड येतो, तो दुखत नाही. रुग्ण मेडिकलमधून मलम आणतो, काही आठवड्यांत जखम भरते आणि श्रेय मलमाला जातं. ती मलमाशिवायही भरलीच असती! पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग उठतात, त्यांना ‘ॲलर्जी’ ठरवून सेट्रिझिन दिली जाते. तेही डाग आपोआप मावळतात, जंतू मात्र शरीरात राहतो. वेळीच व्हीडीआरएल केली असती, तर बेन्झाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटांच्या एका मात्रेत काम झालं असतं.

प्रत्येकाला वर्षाला सगळ्या चाचण्या लागत नाहीत. एकाहून अधिक जोडीदार असणारे, नुकताच जोडीदार बदललेले, एचआयव्हीबाधित यांना मात्र ठरावीक काळाने बोलवायलाच हवं. संसर्गानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. ती पुन्हा करावी. आणि केवळ रक्त तपासून भागत नाही, गनोरिया-क्लॅमिडियासाठी लघवी किंवा स्वॅब लागतो. सोय नसेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवावं.

अडचण खरी आहे ती जोडीदारांविषयी विचारण्याची. सासू, नवरा, दीर सगळेच आपले पेशंट. बाकावर शेजारी बसलेले, कंपाउंडर गावातलाच. अशा ठिकाणी पडद्याआडचे दोन मिनिटांचं बोलणं आणि ‘हे मी सगळ्यांनाच विचारतो’ हे वाक्य खूप काम करतं. एचआयव्ही चाचणीसाठी संमती आणि गोपनीयता २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे.

सुरुवात गरोदर स्त्रियांपासून करता येईल: या महिन्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीच्या कागदांत एचआयव्ही आणि सिफिलिसचा रिपोर्ट शोधा. नसेल तर त्याच दिवशी रक्त घ्या, सिफिलिस निघाला तर पेनिसिलिनच द्या, आणि नवऱ्यालाही तपासणीला बोलवा.