गाळ ओला असतानाच

पवना आमच्या दापोडीत मुळेला मिळते. धरणातून पाणी सोडले की काठावरच्या घरांत झोप नसते. पाणी ओसरते, गाळ मात्र घरातच राहतो.

२०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे १२ ऑगस्टला बकरी ईद आली. अनेकांनी कुर्बानीसाठी ठेवलेल्या पैशांतून पूरग्रस्तांना मदत केली. पाणी ओसरल्यावर सर्व धर्मांची माणसे गाळ उपसायला गेली.

आम्ही शाळेत मुलांना सांगतो : पैसे घरबसल्या देता येतात, गाळ काढायला दुसऱ्याच्या घरात जावे लागते. वाळण्याआधी जा. आधी मेन स्विच बंद करा. घरच्या बाईला विचारल्याशिवाय भिजलेला कागदही फेकू नका. देवघर असो की जानमाज, अदब तीच ठेवा.

भगिनींनो, आपल्या मोहल्ल्यातून कोण जाणार, हे पावसाआधीच ठरवू या, इन्शाअल्लाह.