आधी बोडी, मग प्लॉट

चामोर्शीतून आष्टीकडे जा की गडचिरोलीकडे, रस्त्यालगतच्या धानाच्या बांध्यांत आता सिमेंटचे खुंट रोवलेले दिसतात. कोनसरीचा लोखंडाचा कारखाना सुरू झाला आहे. कामगार, कंत्राटदार, दुकानदार, शिक्षक या सगळ्यांना घरे लागणार. ती झालीच पाहिजेत. या स्तंभात जंगलाबद्दल वारंवार लिहिले, तसे आज वस्तीबद्दल लिहितो आहे, कारण पुढच्या दहा वर्षांत चामोर्शी तालुक्याचे पाणी आणि सावली कुठे राहील, हे लेआऊटच्या नकाशावर ठरणार आहे.

सध्याची पद्धत अशी: मुरूम टाकून बांध्या सपाट करायच्या, सरळ रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे आणि पाणी कुठून वाहते हे शेवटी बघायचे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या, जुन्या गावांचा क्रम याच्या उलट आहे. वरच्या अंगाला जंगल, त्याच्या पायथ्याशी तलाव, तलावाखाली धानाच्या बांध्या आणि उंचवट्याच्या मुरमाड जागेवर घरे. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, उतरतो, तिचे पाणी पुढच्या बोडीत. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांना जमिनी दिल्या, कोहळी समाजाने हे काम कसबाने केले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ होऊन सरकारजमा झाले आणि दरवर्षी गाळ काढण्याची गावाची सवय मोडली. तरीही ही साखळी अजून काम करते. त्यातली एक बोडी बुजवली की तिचे पाणी नाहीसे होत नाही, ते तिथे बांधलेल्या घरात शिरते. ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि वैनगंगेने काठच्या गावांना काय दाखवले, ते इथल्या लोकांना सांगायला नको.

निसर्गाकडून आणि इथल्या माणसांकडून शिकून वस्ती कशी उभारतात हे बघायला परदेशी पुस्तके चाळण्याची गरज नाही. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही आरोग्य संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे साधी होती: मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आणि रोग्यासोबत आलेल्या माणसांना राहायला जागा नसते. मग दवाखाना गोंडांच्या गावासारखा झाला. सुट्या सुट्या झोपड्या, त्यात रोगी आणि त्याचे घरचे सोबत, झाडांची सावली, आणि नाव माँ दंतेश्वरीचे. मला या आराखड्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की राहणाऱ्याला विचारून मग रेघ ओढली. आपल्या एकाही लेआऊटच्या वेळी इथल्या बाईला कुणी विचारले आहे का, की धान वाळवायला अंगण किती लागते, मोहफुले कुठे पसरायची, घरामागच्या सांदवाडीला पाणी कुठून यायचे?

घरकुलाचेही तसेच. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतले घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. एवढ्यात ओसरी बसवणे कठीण असते आणि ती पहिल्यांदा वगळली जाते. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मातीची जाड भिंत दिवसभराची आग हळूहळू आत सोडते, कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि पुढे आलेले छप्पर भिंतीवर ऊन पडू देत नाही. पातळ स्लॅबखाली मात्र रात्री बारालाही झोप लागत नाही. मातीचे घर सोपे आहे असे मी म्हणत नाही. माकडे कवेलू फोडतात, दर पावसाळ्याआधी छप्पर फेरावे लागते, वाळवी लाकूड खाते आणि फेरणारे हात कमी होत चालले आहेत. ज्या कुटुंबाने स्लॅब मागितला त्याला दोष देता येत नाही. दोष यंत्रणेचा आहे, जी त्याच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवत नाही. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ नावाने स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने छापले आहेत. पंचायत समितीच्या भिंतीवर ते लावायला काय हरकत आहे?

स्थानिक साहित्यात बांबूचे म्हणाल तर लेखा-मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकायला सुरुवात केली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबू आहे, विणणारा बुरूड आहे, बांबूला कीड लागू नये म्हणून करायची बोरॅक्स-बोरिक अॅसिडची प्रक्रिया माहीत आहे. ग्रामसभांचा बांबू गडचिरोली जिल्ह्यातल्याच घरांच्या छपरांत आणि कुडांत का जाऊ नये?

पाण्याचेही तसेच. चामोर्शी तालुक्यातच साठच्या दशकात पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे वसली. त्यांच्या मूळ मुलखात घराआधी पुकुर, म्हणजे तळे, खणतात आणि त्याच मातीने घराचा चौथरा उंच करतात. पुराच्या मुलखातले हे शहाणपण आपल्या शेजारीच राहते आहे.

नियम नाहीत असेही नाही. राज्याची एकत्रित विकास नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. ४००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. बहुतेकदा प्लॉट पाडून जो तिरपा, निरुपयोगी तुकडा उरतो, तोच या दहा टक्क्यांत दाखवला जातो. माझी मागणी एवढीच आहे: बोडी, तिच्याकडे येणारा नाला आणि जुनी मोहाची, आंब्याची झाडे आधी नकाशावर मांडा. त्यांच्याभोवती मोकळी जागा ठरवा, आणि मग उरलेल्या जमिनीवर प्लॉट पाडा. चामोर्शी नगरपंचायतीने आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी असा नकाशा फलकावर लावल्याशिवाय एकाही लेआऊटला संमती देऊ नये.

आणि प्लॉट घेणाऱ्यांनो, सातबारा तपासता तशी जागाही तपासा. उन्हाळ्यात इसार देऊ नका. श्रावणात एकदा तिथे जाऊन उभे राहा, शेजारच्या शेतकऱ्याला पाणी कुठून येते ते विचारा, आणि तलाठ्याकडचा जुना गावनकाशा मागा. त्यावर तुमच्या प्लॉटच्या जागी बोडी दिसली, तर तो व्यवहार करू नका.