टिकूची शेपटी

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली. आत तिची टिकू. झेब्रा फिंच म्हणजे मूळचा ऑस्ट्रेलियातला, चिमणीहून लहान पक्षी. वजन जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम! पिसं फुगवून, चोच उघडी टाकून बसली होती. दर श्वासाला शेपटी वरखाली.

"चार दिवस झाले, बाई. आजी म्हणते, हळदीचं पाणी पाज."

नको गं बाई! ते श्वासनळीत गेलं तर जीवच जायचा. आणि तिला मुठीत आवळूही नका. आपल्या छातीखाली श्वासाला मदत करणारा पडदा असतो, तसा पक्ष्यांना नसतो. छाती हलली तरच हवा आतबाहेर होते. ती दाबली की संपलं.

आजारी पक्षी दुखणं लपवतो, कारण रानात दुबळ्यावर शिकाऱ्याची नजर असते. म्हणून आपल्याला कळेस्तोवर उशीर झालेला असतो. मी तिच्या बाबांना बोलावून घेतलं. खोक्यात मऊ फडकं, झाकणाला भोकं, आणि कुर्ल्याहून स्लो लोकलने आम्ही थेट परळला. बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहे ना? खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली तिथेच सुरू झालं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "घरात डासांची कॉइल लावता? नॉनस्टिक तवा करपतो?" हा धूर पाखरांना फार वाईट. मग म्हणाले, श्वासमार्गात बारीक किडेही असू शकतात. मानेवर औषधाचा एक थेंब टाकला.

टिकू अजून गप्पच असते. काल मात्र पाण्याच्या वाटीपर्यंत आली.