'निर्जन' या शेऱ्याविरुद्ध

जेथे माणूसच उरला नाही तेथे मोजावयाचे काय आणि नोंदवावयाचे काय, असा प्रश्न आमच्या कचेऱ्यांतून मोठ्या सहजतेने विचारला जातो. विचारणारे बहुधा हुशार आणि कामसू असतात, आणि प्रश्नातच उत्तर आले अशी त्यांची समजूत असते. एका स्नेह्यांनी तर मला सुचविले की अशी ओसाड गावे शेजारच्या मौजात विलीन करून यादी एकदाची आटोपशीर करून टाकावी. या समजुतीचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. मी महसूल खात्यातला नव्हे, संशोधकही नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत डेहराडूनला टिपणे व तक्ते लिहिणारा एक कारकून आहे. परंतु यादीत एखादे नाव कसे टिकते आणि कसे गळते, हे कारकुनाहून अधिक कोणास ठाऊक असणार?

२०११ च्या जनगणनेत देशातील गावांची संख्या सुमारे ६ लाख ४१ हजार भरली. त्यांपैकी सुमारे ४३ हजार गावे निर्जन होती. म्हणजे दर पंधरा गावांमागे एक. या गावांना क्रमांक आहे, क्षेत्रफळ आहे, चतुःसीमा आहेत. नावापुढे शेरा मात्र एकच: निर्जन. केव्हापासून निर्जन, कशाने निर्जन, तेथली माणसे गेली कोठे, हे विचारणारा रकाना नाही. परिणामी जे मौजे केवळ रानाचा किंवा गायरानाचा तुकडा म्हणून कागदावर आले व जेथे कधी चूल पेटलीच नाही, ते आणि जेथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे नांदली व मग उठून गेली, ते गाव, ही दोन्ही एका ओळीत एकाच शब्दाखाली बसतात. इतका ढोबळ हिशोब आपण बैलजोडीचाही ठेवीत नाही.

जुने दफ्तरदार याबाबतीत आमच्यापेक्षा चोख होते. त्यांचा शब्द होता 'बेचिराग'. मराठीत आपण त्याचे 'बेचिराख' केले आणि राखेशी नाते जोडून मोकळे झालो. पण मूळ फारशी शब्दात राख नाही, दिवा आहे. ज्या गावी दिवा लागत नाही ते बेचिराग. पंजाब-हरियाणात आपल्यापैकी जे नोकरीस असतील त्यांनी हा शब्द तेथील महसुली कागदांत वाचला असेल. बिहारात 'बेचिरागी' मौजे आहेत, कर्नाटकात त्याचेच 'बेचराक' झाले आहे. मध्य प्रदेशात 'वीरान' म्हणतात, आमच्या विदर्भात 'रीठ' किंवा 'रिठी'. दिवा लागत नाही असे म्हणण्यात पूर्वी तो लागत असे हे गृहीत आहे. 'निर्जन' हे विशेषण अरण्यालाही लागते आणि वाळवंटालाही. शब्द बदलला आणि त्याबरोबर गावाचा भूतकाळही कागदावरून उतरला, याची कोणास खंत वाटल्याचे मला दिसले नाही.

कारण विचारण्याने काय साधते, याचे उत्तर इंग्लंडात मिळाले आहे. तेथे मध्ययुगातील शेकडो गावे कुरणांखाली गाडली गेली होती, आणि ती चौदाव्या शतकातील महामारीने उठली असे लोक सर्रास मानीत. मॉरिस बेरेसफर्ड या अर्थेतिहासकाराने आपल्या सहकाऱ्यांसह १९५२ मध्ये अशा गावांच्या शोधासाठी एक मंडळ काढले, १९५४ मध्ये त्याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९६८ पर्यंत यादी दोन हजारांच्या वर गेली. कर आकारणीचे जुने कागद आणि जमिनीवरील उंचवटे ताडून पाहता असे दिसले की अनेक गावे महामारीनंतरही नांदती होती. ती उठली पुढच्या शतकात, जमीनदारांनी लोकरीच्या नफ्यासाठी शेते मोडून मेंढ्या सोडल्या तेव्हा. दोष रोगावरून माणसावर आला. कारणाचा रकाना भरला की जबाबदारीचाही भरावा लागतो. आमच्या तक्त्यात तो नसण्याचे रहस्य यातच असावे असा मला संशय आहे.

हे काम आपल्याकडे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. मी ज्या राज्यात राहतो त्या उत्तराखंडात २०१७ साली पलायन आयोग नेमला गेला. त्याने २०१८ च्या अहवालात सांगितले की २०११ नंतरच्या काळात ७३४ गावे नव्याने निर्जन झाली. आयोगाने संख्येवर न थांबता माणसे का गेली हेही विचारले: रोजगार नाही, शाळा धड नाही, दवाखाना नाही. पौडीसारख्या जिल्ह्यात बंद दारांवरची गंजलेली कुलुपे पाहून 'भुतांची गावे' असे मथळे देणाऱ्यांना या तीन कारणांत रस नसतो. जेसलमेरजवळच्या कुलधऱ्याची तीच कथा. पालीवाल ब्राह्मणांचे ते समृद्ध गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. आज तेथे जाणाऱ्याला दुष्ट दिवाणाची आणि शापाची गोष्ट ऐकविली जाते, पण त्या वाळवंटात विहिरींचे पाणी किती होते आणि शेतसारा किती, हे विचारणारा विरळा. लेखकमंडळींनी रागावू नये. परंतु शाप हे कारण नव्हे, कारण न शोधण्याची ती एक रम्य सबब आहे.

धरणांखाली गेलेल्या गावांचे कारण तरी सर्वांना ठाऊक असते. तेथे हरवतो तो गावाचा पुढचा पत्ता. गोव्यात सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याची जोती, वाटा व देवळाची जागा वर येते, आणि वाडे व वालकिणी येथे वसविलेली मंडळी त्या दिवसांत तेथे जाऊन आपले उत्सव करतात. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. शास्त्रीय गायनाच्या श्रोत्यांमुळे त्या गावाचे नाव देशभर गेले. पण ज्या गावी कोणी मोगूबाई जन्मली नाही त्याचे काय? आपल्यापैकी निम्म्यांच्या आडनावाला 'कर' लागलेला आहे. त्या 'कर'च्या आधीचे गाव आज यादीत कोणत्या शेऱ्याने उभे आहे, हे कितीजणांनी पाहिले असेल?

येथवरची गोष्ट नाव असून माणूस नसलेल्या गावांची झाली. तिची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे: माणसे आहेत आणि नाव नाही. आपली यादी महसुली गावांची. एका मौजाच्या पोटात पाच वाड्या, तीन पाडे, कोलामांचा एखादा पोड असेल, तरी छापील यादीत मौजा तेवढा दिसतो. अनेक वनग्रामेही महसुली यादीच्या बाहेर राहिली. त्यांना महसुली गावाचा दर्जा देण्याची तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्यात करावी लागली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. ती स्वतंत्र महसुली गाव नव्हे, डोंगरावरची एक ठाकरवाडी. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत तिचे नाव नव्हते, असे सरकारनेच सांगितले. २७ मृतदेह हाती आले, आणि ५७ माणसांचा शोध लागत नाही म्हणून चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. यादीत नाव असते तर दरड थांबली असती असा माझा दावा नाही. पण ज्या वाडीचे नाव कोणत्याच तक्त्यात वेगळे उभे नाही, तिचा उतार तपासावयास कोण कोणाला पाठविणार? मौजाच्या नावावर पाठविलेला माणूस मौजाच्या चावडीपाशीच जातो.

हे सारे आताच लिहिण्याचे कारण आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून ती होणार असल्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. सोळा वर्षांच्या अंतराने यादी नव्याने लिहिली जावयाची आहे. निर्जन गावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात अशी माझी मागणी आहे: शेवटचा दिवा अदमासे कोणत्या वर्षी लागला, गाव कशाने उठले, आणि माणसे बहुतांशी कोठे वसली. वस्ती कधी नव्हतीच, तर तसे स्पष्ट लिहावे. आणि प्रत्येक मौजाखाली त्याच्या वाड्या-पाड्यांची नावे छापावीत.

यावर उत्तर तयार असते: प्रगणकावर आधीच कामाचा डोंगर आहे. मान्य. पण १९६१ च्या जनगणनेत, अशोक मित्र यांच्या कारकिर्दीत, निवडक गावांवर स्वतंत्र ग्रंथिका निघाल्या. घरे, पेहराव, कर्जे, सणवार, सारे त्यांत आले. तेव्हा ना संगणक होता ना उपग्रहाचे नकाशे. आज दोन्ही हाताशी असताना तीन ओळी लिहिणे जड होते काय? आणि प्रगणकाला जड जात असेल तर आपण आहोत. आपल्या बदल्या हिमाचलापासून तामिळनाडूपर्यंत होतात. रविवारी मंडळात जमून आपण घरभाडे, महागाई भत्ता आणि गावाकडची आठवण या विषयांवर तास घालवितो. त्यांतला एक तास स्थानिक पटवाऱ्याबरोबर घालविला तर त्या तालुक्यातील निर्जन मौजांची हकीगत मिळू शकते. रामेश्वरम्‌कडे कोणी असेल त्याला १९६४ च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलेल्या धनुष्कोडीतून उठलेली कुटुंबे विचारता येतील. भाक्ऱ्याच्या जलाशयाखाली जुने बिलासपूर आणि भोवतालची गावे गेली त्याला साठांहून अधिक वर्षे झाली. ती गावे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली ते आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. घरांची मोहल्लावार नावे, पाणवठा कोणाचा, यात्रा कोणती, हे त्यांना तोंडपाठ आहे. प्रगणक त्यांच्या दारी जाईल तेव्हा त्याच्या हातातील प्रश्नावली त्यांच्या आजच्या घराचे छत कशाचे आहे हे विचारील, आणि पुढच्या दाराकडे वळेल.